बेदरला तीन मुक्काम

माझा पुण्याचा भाचा बायको-मुलीला घेऊन प्रागला जाऊन आला. तीन रात्री, चार दिवस. जायच्या आधी सहा महिने त्याचा तक्ता चालला होता. कुठल्या दिवशी किती वाजता कुठला पूल, ट्रामचा पास किती तासांचा, कुठलं म्युझियम कुठल्या वारी बंद, पाऊस आला तर काय. परत आल्यावर तो तक्ता त्याने मला मोबाइलवर दाखवला आणि मला खरंच कौतुक वाटलं. मग दिवाळीत त्याचा फोन आला. "मावशी, डिसेंबरात हैदराबादला लग्न आहे. येताना बिदर करून टाकतो. तीन तास पुरतील ना?"

करून टाकतो! मी तीस वर्षं टपाल खात्यात काढली. करून टाकायच्या गोष्टी मला माहीत आहेत. पाकिटावर शिक्का मारतात ती.

मी विचारलं, "प्रागचा तो दगडी पूल कधीचा रे?" त्याला पाठ होतं. १३५७ साली पाया घातला म्हणाला. मी म्हटलं, त्यानंतर दहाच वर्षांनी, १३६७ साली, आमच्या गुलबर्ग्याच्या किल्ल्यात जामा मशीद झाली. ती अजून उभी आहे. पुलाला तू तक्त्यात एक सकाळ आणि एक संध्याकाळ दिलीस. या मशिदीला किती देतोस?

तो हसला आणि म्हणाला, "बरं, मग तूच तक्ता कर."

मराठी माणसाला बिदर ठाऊक असतं ते बेदर म्हणून, दामाजीपंतांमुळे. मंगळवेढ्याच्या कोठारातलं धान्य दुष्काळात वाटलं, बेदरच्या बादशहाने बोलावणं धाडलं, आणि पंत पोहोचायच्या आधी विठोबा महाराच्या वेशात येऊन पैसे भरून, पावती घेऊन गेला. कथा लहानपणापासून ऐकलेली आहे, पण पावतीपाशी मी अजून थांबते, नोकरीची सवय. विठोबाने बेदरात मुक्काम केल्याचं काही ऐकिवात नाही. काम झालं आणि परत. तेव्हापासून आपल्याकडची माणसंही तशीच येतात. हैदराबादला जाताना वाकडी वाट करून किल्ला बघतात, गुरुद्वाऱ्यात लंगर जेवतात, आणि संध्याकाळी जहिराबादच्या पुढे असतात.

वास्तविक हे आपल्याला परकं गाव नव्हे. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. माझं माहेर भालकी. आजोबा जमिनीच्या कामाला बिदरला येत, आणि परतताना आजीसाठी चांदीची वेल असलेला काळा पानपुडा आणल्याचं सांगत. तो आता कुणाकडे आहे यावरून आमच्या घरात दोन चुलत्यांचं अजून बोलणं नाही, ते असो.

तक्ता करायला बसले आणि पहिलीच अडचण आली: राजधानी कुठली धरायची? कलबुर्गी आणि बिदर या दोन जिल्ह्यांत मिळून चार राजधान्या आहेत. सेडमजवळचं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट, अमोघवर्षाची राजधानी. बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचं कल्याण. तिथेच विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, बिल्हणाने विक्रमांकदेवचरित लिहिलं, आणि बाराव्या शतकात बसवण्णांचा अनुभवमंटप भरला. मग १३४७ साली बहमनी राज्य उभं राहिलं, त्याची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आताचं कलबुर्गी. आणि १४२२ साली गादीवर आलेल्या अहमदशहाने ती बिदरला हलवली.

चारही बघायच्या म्हटल्या तर दिवसाचे आठ तास गाडीतच जातील. मी मळखेड आणि कल्याण खोडून टाकलं. कल्याण खोडताना हात अडखळला, कारण हुमनाबादजवळच्या जलसंगवीच्या देवळावर एक दगडी बाई आहे. पाठमोरी उभी राहून ती विक्रमादित्याची स्तुती कोरून लिहिते आहे. लिहिणारी बाई दगडात कोरलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. पण जागा कमी केल्याशिवाय सहल होत नाही. भाच्यानेही प्रागला जाताना व्हिएन्ना खोडलं होतं, आठवण करून दिली.

दुसरी गोष्ट, कधी यायचं. मार्च ते मे बिदरला येऊ नये. जांभ्याचं पठार आहे, तापतं. पावसाळ्यानंतर किल्ल्याचे खंदक हिरवे होतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी शाल लागते. पण मराठी पंचांग बघूनच तारीख धरा. मी तिथेच चुकले. तक्त्यात "पहिला दिवस: किल्ला" असं लिहिलं आणि तारीख लग्नाच्या हिशेबाने टाकली. मंडळी रात्री येऊन झोपली, आणि सकाळी दूधवाला म्हणाला, "अक्का, उद्या दूध नाही, आज येळवस आहे, मी आत्ता शेतावर चाललो." मार्गशीर्षातली अमावास्या! मी भालकीची बाई आणि येळवस विसरले.

येळवसेला लातूरपासून कलबुर्गीपर्यंतची सगळी माणसं शेतावर जातात. गंज बंद, बाजार निम्मा बंद, ठरवलेला रिक्षावालासुद्धा सासरवाडीच्या शेतावर. मग आम्हीही माझ्या दिरांच्या शेतावर गेलो. तुरीचं पीक डोक्याएवढं, ज्वारी पोटऱ्यात आलेली. कडब्याची खोप, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडलेले, ते पांडव. जाऊबाईंनी आंबिलाचं बिंदगं डोक्यावरून उतरवलं. जेवायला भज्जी. पुण्याच्या सूनबाईंना वाटलं कांदाभजी असतील. आमच्याकडे भज्जी म्हणजे ओले हरभरे, तुरीचे सोले, वाटाणे, पालेभाज्या असं सगळं चिंचेच्या पाण्यात बेसन लावून शिजवलेलं. त्याच्याबरोबर बाजरीचे उंडे. नऊ वर्षांच्या नातीने आंबिलाचे तीन पेले प्यायले आणि दुपारभर खोपीत झोपली. रात्री भाच्याने तक्त्यात त्या दिवसापुढे "शेत" असं लिहिलं.

किल्ला दुसऱ्या दिवशी. लवकर जायचं, साडेआठला. खंदक तिहेरी आहे, आणि तो बांधलेला नाही, जांभा कातून काढलेला आहे. मधल्या दगडी भिंती तशाच सोडल्यात. शर्जा दरवाजावर दोन वाघ कोरलेत, त्यावर १५०३ सालचा लेख आहे. दारातून आत शिरलं की लोक सरळ चालत सुटतात. तसं करू नका. उजव्या बाजूला रंगीन महाल आहे आणि त्याला बहुतेक कुलूप असतं. पुढे जुन्या शाही हमामात म्युझियम आहे, तिथे पुरातत्त्व खात्याच्या माणसाला विचारावं लागतं. नीट विचारलं तर तो किल्ली घेऊन येतो. भाचा इंग्रजीत विचारायला लागला, तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, "भाई, बच्ची दूरसे आई है, जरा खोलते क्या?" तो म्हणाला, "हौ, चलो." बिदरला मराठी चालते, कन्नड चालते, पण कुलपाला दखनी लागते.

आतली खोली लहान आहे. डोळे सरावायला एक मिनिट लागतं. मग दिसतं की दाराच्या चौकटीचा दगड काळा कुळकुळीत आहे आणि त्यात शिंपल्याचे तुकडे बसवून वेली आणि अक्षरं काढली आहेत. मोत्याच्या शिंपल्याचे तुकडे, काही तांदळाच्या कणीएवढे. बॅटरी सरळ मारली तर पांढरे दिसतात, तिरपी मारली तर आधी गुलाबी होतात आणि मग हिरवट. हे काम बहमनींच्या नंतर आलेल्या अली बरीदच्या वेळचं, सोळाव्या शतकातलं. नातीने विचारलं, "आजी, यांना समुद्र कुठे होता?" समुद्र नव्हता, वाट होती. चौल-दाभोळच्या बंदरांवरून घोडे, शिंपले आणि माणसं सगळं घाट चढून इथे येत होतं.

त्याच वाटेने अफनासी निकितीन आला. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. पावसाळा जुन्नरला काढला. तिथल्या खानाने घोडा अडकवून ठेवला, तो खटपटीने सोडवला, मग बिदरला पोहोचला. साल १४६९च्या आसपास. या राजधानीत तो कित्येक महिने राहिला, घोडा इथेच विकला, आणि जे पाहिलं ते लिहून ठेवलं. वास्को द गामा कालिकतला यायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. युरोपातला माणूस आपली राजधानी बघायला आला, त्याच्याकडे तक्ता नव्हता. परत जाताना, घरी पोहोचायच्या आत, वाटेत मेला. पुढे १९५७ मध्ये त्याच्यावर 'परदेसी' सिनेमा निघाला, नर्गिस होती त्यात.

किल्ल्यात सोळा खांब मशीद, तख्त महाल, लाल बाग हे सगळं आहे. तीन तास धरा, आणि कंटाळा आला की उठा. किल्ल्यातून गाडीने निघू नये. मदरशापर्यंत चालत जावं, पुढे चौबाऱ्याच्या मनोऱ्यापर्यंत. जुनं शहर तटाच्या आत आहे आणि पायी आटोपतं. मोबाइलचा नकाशा पंधरा मिनिटं दाखवेल, पण वाटेत बिदरीचे, म्हणजे काळ्या धातूत चांदी जडवण्याचे, कारखाने आहेत, त्यामुळे दोन तास लागतील.

आधी मदरसा. महमूद गवान हा इराणातल्या गिलानचा व्यापारी, बहमनींचा वजीर झाला. त्याने १४७२ च्या सुमाराला हे विद्यापीठ बांधलं. तीन मजले, विद्यार्थ्यांच्या खोल्या, ग्रंथालय, आणि दोन मिनार. उरलेला मिनार सुमारे १३१ फुटांचा. दुसरा नाही, दर्शनी भिंतीचा अर्धा भागही नाही. औरंगजेबाने बिदर घेतल्यावर इथे दारूगोळा साठवला होता, १६९६ साली तो उडाला. जी भिंत वाचली तिच्यावर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फरशांचे पट्टे आहेत. लांबून थोडेच दिसतात. मिनाराच्या बुंध्याशी उभं राहून मान वर करायची, तेव्हा कळतं की ही सगळी इमारत तेव्हा अशी चमकत असणार.

गवानाची गोष्ट मी भाच्याला तिथेच पायरीवर बसून सांगितली, कारण ती आमच्या खात्यातली आहे. त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर त्याचा शिक्का उठवून घेतला. मग वर ओरिसाच्या राजाला आमंत्रण लिहिलं, की या आणि राज्य घ्या. सुलतानाने पत्र दाखवून विचारलं, शिक्का तुझाच ना? म्हातारा म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. १४८१ साली त्याचं डोकं उडवलं. त्यानंतर राज्यही फार टिकलं नाही, पाच तुकडे झाले. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या पोस्टमास्तरांनी मला सांगितलं होतं, कोऱ्या कागदावर शिक्का मारायचा नाही, कुणीही सांगितलं तरी.

बिदरीच्या कारखान्यात नुसतं दुकानापुरतं जाऊ नका, मागे बसा. धातू जस्ताचा, त्यात थोडं तांबं, साधारण सोळाला एक. मातीच्या साच्यात ओततात, कानशीने घासतात. तेव्हा वस्तू राखाडी दिसते. मग मोरचूद चोळून ती तात्पुरती काळी करतात, म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसावी. कारागीर टाचेखाली लाखेवर बसवलेला फुलदाणीचा तुकडा धरून छिन्नीने वेल कोरत होता. आधी चित्र काढलेलं नव्हतं. चर पडला की केसाएवढी चांदीची तार त्यात ठेवायची आणि हातोडीने बारीक टकटक करायची. तार आत बसते. शेवटी वस्तू तापवून नवसागर आणि किल्ल्यातल्या मातीचा लेप लावतात. जस्त काळं पडतं आणि चांदी पांढरी राहते. माती कुठलीही चालत नाही. जिथे शेकडो वर्षं ऊन-पाऊस लागला नाही अशा जागची लागते, आणि कारागीर ती जिभेवर ठेवून ओळखतात. आमच्यासमोर त्याने ठेवली. नातीलाही हवी होती, सूनबाई नको म्हणाल्या, मी गप्प बसले.

बिदरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२३ साली इथले कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. घेताना दोन गोष्टी बघाव्या. चांदी बोटाला खरखरता कामा नये आणि वस्तू जड पाहिजे. घरी गेल्यावर साबण लावू नये, खोबरेल तेलाचं बोट पुरे. भाच्याने एक छोटी डबी घेतली. भाव करायला लागला तेव्हा मी त्याला विचारलं, प्रागला काचेच्या दुकानात केलास का? नाही म्हणाला.

तिसऱ्या दिवशी अष्टूर, गावापासून चार-एक किलोमीटर पूर्वेला. बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. एकीचा घुमट अर्धा फाटलेला. ती हुमायूनची, ज्याला लोक जालिम म्हणत. वीज पडली म्हणतात, आणि गावाला त्यात नवल वाटत नाही. अहमदशहाच्या कबरीत मात्र दुपारीच जावं, ऊन दारातून आत येतं तेव्हा. आत अंधार आहे. राखण करणारा माणूस दारात आरसा धरून उन्हाचा कवडसा घुमटावर फिरवतो. कवडसा जाईल तिथे शेंदरी, निळा, सोनेरी रंग उठतो, अक्षरांची वेल दिसते, आणि कवडसा सरकला की पुन्हा अंधार. सहाशे वर्षांचा रंग असा वाटीएवढ्या उजेडात तुकड्यातुकड्याने बघावा लागतो. नातीने आरसा मागितला. त्याने दिला. पंधरा मिनिटं ती सांगेल तिकडे आम्ही बघत होतो.

अहमदशहाला लोक वली मानतात. लिंगायत त्याला अल्लमप्रभू म्हणतात. त्याचा उरूस होळीनंतर भरतो, हिंदू पंचांगाप्रमाणे, आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळहून जंगम पायी येतात, शंख वाजवत, कबरीवर फुलं वाहायला. हे बघायचं तर ऊन सोसून तक्ता होळीपासून मोजावा लागतो.

संध्याकाळ पाण्याला ठेवली. बिदरचं सगळं रहस्य जमिनीखाली आहे. वर जांभा, खाली काळा पाषाण. जांभ्यातून झिरपलेलं पाणी पाषाणाला अडतं आणि पठाराच्या कडेला झऱ्यातून बाहेर येतं. इराणी कारागिरांनी नौबादला त्यासाठी जमिनीखालून कालवे काढले, वरून उजेडाच्या विहिरी पाडल्या. नानक झिरा गुरुद्वाऱ्याचं पाणी तेच. झरणी नृसिंहाचं तेच, तिथे छातीएवढ्या पाण्यातून बोगद्यात चालत देवापाशी जातात, डोक्यावर वटवाघळं. सुरू आहे की बंद ते आधी विचारावं. आणि ज्याला बंद जागेची भीती आहे त्याने भक्ती बाहेरून करावी. मी बाहेरूनच करते. पापनाशला मात्र आम्ही बसलो. गुरुचरित्रात बेदरच्या म्लेंच्छ राजाला फोड होतो आणि नृसिंहसरस्वतींच्या दर्शनाने तो बरा होतो, त्या अध्यायात पापविनाशी तीर्थ येतं, ते हेच असं आम्ही मानतो. गाणगापूरची वारी करणाऱ्या किती मराठी घरांत हा अध्याय वाचतात, आणि तीर्थ कुठे आहे ते विचारत कुणी येत नाही.

जेवणाचं सांगायचं तर घरी जेवलात तर उत्तम. नाहीतर खानावळीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी मागा. कलबुर्गीला तहरी खा. आणि बूट घालून या, चपलेने किल्ला होत नाही.

चौथ्या दिवशी परतीला कलबुर्गी ठेवलं, म्हणजे तिथून मुंबई-चेन्नई मार्गावरची पुण्याची गाडी मिळते. बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ साली सुरू झाली, त्याआधी हुमनाबादवरून एसटीने हाडं खिळखिळी व्हायची. जामा मशिदीत शिरलो तेव्हा दुपार होती. २१६ फूट लांब, १७६ फूट रुंद, आणि मध्ये अंगण नाही. सगळी छताखाली, असं आपल्या देशात सहसा नसतं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत कमानीमागे कमान, ठेंगण्या, रुंद, पांढऱ्या, दूरवर गेलेल्या. भाचा तक्ता काढून वेळ बघायला लागला. गाडीला दोन तास होते. मग मोबाइल खिशात टाकून तो एका खांबाला टेकून खाली बसला.

परवा त्याचा फोन आला. होळी कधी आहे विचारत होता. मी गाद्या उन्हात टाकल्या आहेत.